शमीमबाजीचं भेव

नव्या बांधापाशी जीप थांबली की शमीमबाजी आधी चपला काढून सीटखाली सरकवत. मग सलवार घोट्याच्या वर दुमडून त्या बांधाच्या मागच्या, कोरड्या बाजूला पायथ्याशी उतरत आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत अनवाणी चालत. आम्ही बाकीचे बांधावर उभे राहून साठलेलं पाणी बघत असू, फोटो काढत असू. त्या मात्र पाण्याकडे पाठ करून, मान खाली घालून, गवतात पाऊल दाबत दाबत पुढे सरकायच्या. मध्येच थांबायच्या, टाच रुतवून बघायच्या. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला वाटलं, बाईंचं काहीतरी हरवलंय.

"मॅडम, काय शोधून राह्यल्या?" मी वरूनच विचारलं.

"जमीन कुठी गार लागते ते पाहून राह्यली," त्या मान वर न करता म्हणाल्या. "डोळ्याले ओल दिसते तवा लय उशीर झालेला असते, प्रमोद."

मी महागावचा. समाजकार्याची पदवी घेऊन नोकरी शोधत झरी जामणीत पोचलो तो राणीसाहेबांच्या न्यासामुळे. राणीसाहेब एका लांबच्या, जुन्या संस्थानच्या. राज्य केव्हाच गेलं होतं, पण मान राहिला होता आणि दानधर्माची घराण्याची सवय राहिली होती. त्या एकदा पाहुण्यांना घेऊन आमच्या भागातल्या अभयारण्यात वाघ बघायला आल्या. वाघ काही दिसला नाही. परतीच्या वाटेवर नाल्यातला झिरा वाटीने उपसून हंडा भरणाऱ्या बाया दिसल्या. राणीसाहेबांनी गाडी थांबवली आणि हंडा भरेपर्यंत त्या तिथेच उभ्या राहिल्या, असं सांगतात. त्याच्या पुढच्या वर्षी न्यासाने झरी तालुक्यातली काही गावं घेतली. नाले खोल करायचे, शेततळी खणायची, जमेल तिथे मातीचे बांध घालायचे. माझं काम गावात बैठका घेण्याचं. बांधकामाची सगळी जबाबदारी शमीमबाजींची.

त्या वणीच्या. वडील पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचे. कोळशाचे ट्रक जातात त्या रस्त्यावर त्यांचं गॅरेज होतं, आणि लहानपणी शाळेतून आल्यावर बाजी तिथेच अभ्यासाला बसत. "अब्बाकडे जे येत ते सारे पाण्यासाठी रडत येत," त्या सांगायच्या. "म्हणून मी पाण्याकडे गेली." स्थापत्यातली पदविका घेतली, बरीच वर्षं सरकारी कामांवर कंत्राटी अभियंता म्हणून काढली आणि पन्नाशी उलटल्यावर न्यासात आल्या. लग्न केलं नव्हतं, भावाच्या कुटुंबात राहत. आम्ही कार्यालयातले लोक त्यांना मॅडम म्हणायचो. गावांनी मात्र पहिल्याच उन्हाळ्यात त्यांची बाजी, म्हणजे थोरली बहीण, करून टाकली.

आभाळ भरून आलं की आमच्याकडे माणसांचे चेहरे खुलतात. बाजींचा उतरायचा. कार्यालयात असल्या तर खिडकीशी जाऊन उभ्या राहत आणि कोणत्या दिशेला काळं आहे ते बघत. मग फोन सुरू. या गावात लाव, त्या गावात लाव, जादा पाणी जायच्या सांडव्यात काटक्या तर अडकल्या नाहीत ना, बांधावर कोणी बैलगाडी तर नेली नाही ना. गावकरी हसायचे. मीही एकदा म्हणालो, "मॅडम, पाणी अडवायले तं आपण इथं आलो. मग पाणी आलं की एवढं भेव काहून?"

त्या हसल्या नाहीत. "मोकळं वाहत होतं तवा ते कोणाचंच नव्हतं. आता आपण अडवलं. आता ते आपल्या जिम्मेदारीचं हाये," त्या म्हणाल्या. आणि थोड्या वेळाने, जणू स्वतःशीच, "ज्याले भेव वाटत नाही त्याच्या हातात बांध देऊ नये."

न्यासाचं सगळ्यात मोठं काम खैरगावचा पाझर तलाव. दोन टेकड्यांच्या मधे नाल्यावर मातीचा लांब बांध. वरच्या अंगाला खैरगाव, कापसा-तुरीचं गाव. बांधाच्या खाली, नाल्याच्या काठाने कोलाम आदिवासींची वस्ती. आमच्याकडे त्याला पोड म्हणतात, हे करंजपोड. कुडाच्या भिंतींची घरं, समोर मोहाची झाडं. पोडाचा प्रमुख लेतू आत्राम, त्याला सगळे नाईक म्हणत. बांधाची जागा ठरली तेव्हा बाजी सगळ्यात जास्त वेळा पोडात गेल्या. जागा थोडी वर सरकवता येईल का म्हणून त्यांनी वरिष्ठांशी वाद घातला, पण वर टेकड्या फाकत होत्या आणि बांध फार लांबला असता. ते मान्य झालं नाही. त्या दिवसापासून खैरगावचं नाव निघालं की त्या हातातलं काम थांबवून ऐकायच्या.

त्या वर्षी पाऊस लागला तो थांबेना. तलाव पहिल्यांदाच भरला. खैरगावच्या लोकांनी एवढं पाणी गावाजवळ कधी पाहिलं नव्हतं. म्हाताऱ्या बायासुद्धा संध्याकाळी बांधावर येऊन बसायला लागल्या. न्यासाचे व्यवस्थापक दळवी साहेब यांनी राणीसाहेबांना कळवलं आणि पोळ्यानंतर जलपूजनाचा दिवस ठरला. राणीसाहेब स्वतः येणार. रस्त्यावर मुरूम पडला, मांडववाला जागा बघून गेला. गजाननभाऊ कुचनकर हे गावातले कर्ते शेतकरी, बांधाच्या कामात सगळ्यांच्या पुढे असणारे. ते रोज विचारायचे, राणीसाहेबांशी बोलायचं म्हणजे पहिला शब्द काय काढायचा.

अशाच एका दुपारी बाजी पायथ्याने चालता चालता थांबल्या. जुना नाला जिथून बांधाखाली गाडला गेला होता त्या जागी. पाऊल उचललं, पुन्हा तिथेच टेकवलं. मला खाली बोलावलं. "चपला काढ. इथं पाय ठेव."

मी ठेवला. गार लागलं. पाऊस एवढा होता की सगळंच गार होतं, मला काही कळेना. बाजी खाली बसल्या, हाताने गवत बाजूला केलं. बोटाएवढ्या जागेतून पाणी झुळझुळत वर येत होतं. त्यांनी डब्यातला स्टीलचा पेला काढला, त्यात ते पाणी धरलं आणि पेला बांधाच्या दगडावर ठेवून आम्ही दोघं त्याच्याकडे बघत बसलो.

"निवळ हाये," बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या. "नवा बांध थोडा पाझरतेच. निवळ येते तवरोक ठीक. गढूळ आलं म्हंजे समज, आतली माती घेऊन चाललं."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी गढूळ होतं.

बाजींनी त्या झऱ्यावर वाळू आणि गिट्टीचे थर टाकवले, म्हणजे पाणी बाहेर येईल पण माती अडेल. संध्याकाळपर्यंत झऱ्याने शेजारी दुसरी वाट काढली. पाऊस सुरूच होता, मोबाइलवर पुढच्या दिवसांचे इशारे येत होते. सकाळ होताच त्यांनी दळवी साहेबांना फोन लावला, मला ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू ठेवला. दळवी साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी लगेच फोटो मागवले, शहरातल्या एका तज्ज्ञाला दाखवले आणि परत फोन केला.

"ते म्हणतात, नव्या बांधात असं होतं. लक्ष ठेवा, घाबरू नका. शमीमबाई, राणीसाहेबांचा दौरा ठरलाय. जलपूजन होऊ द्या, मग तुम्हाला हवं ते करू."

"मले तलाव उतरवायचा हाये, साहेब. सांडवा खोल करून पाणी हळूहळू काढून देते."

"म्हणजे राणीसाहेब येतील तेव्हा तलाव रिकामा? बांध नक्की फुटेल असं तुमचं म्हणणं आहे का?"

"नक्की फुटन असं मी म्हणून नाही राह्यली. नक्की फुटणार नाही असं तुम्ही म्हणता का?"

मग दळवी साहेब म्हणाले, "फुटणार नाही, असं मी लिहून देऊ शकत नाही." आणि फोन ठेवला. बाजींनी मोबाइल ओढणीला पुसला. "चल," त्या म्हणाल्या, "आधी पोड."

लेतू नाईक ओसरीत टोपलं विणत होता. बाजींचं सगळं बोलणं त्याने ऐकून घेतलं, हातातली बांबूची पट्टी खाली न ठेवता.

"आधी तुम्ही म्हणलं, धरण झालं तं पाणी येईन, पोडाचं भलं होईन," तो म्हणाला. "आता म्हणता, पाणी आलं, पोड सोडा."

"हो नाईक. दोन्ही मीच म्हणलं," बाजी म्हणाल्या. "पण आज चला."

"आणि नाही फुटलं तं?"

"तं मले शिव्या द्या. शिव्या द्यायले तुम्ही असले पाह्यजे."

त्याने बाजींच्या चिखलाने भरलेल्या पायांकडे पाहिलं. मग उठला आणि आपल्या भाषेत आत काहीतरी बोलला. दुपारपर्यंत अख्खं पोड शेळ्या-कोंबड्या, धान्याच्या कणग्या, लेकरं घेऊन खैरगावच्या शाळेत आलं. त्यांना नेण्याचं, बसवण्याचं काम माझ्याकडे होतं. म्हातारी माणसं वळून वळून बांधाकडे बघत होती. त्या वेळी पावसाच्या आवाजात मला दुसराच कुठला तरी आवाज ऐकू येतोय असं सारखं वाटत होतं.

सांडव्याकडे जेसीबी आला तेव्हा गजाननभाऊ त्याच्या समोर उभे होते, मागे गावातली माणसं. गजाननभाऊंचा आवाज चढलेला नव्हता, त्याने जास्त भीती वाटली.

"बाजी, माह्या उभ्या जन्मात दिवाळीनंतर या नाल्यात पाणी नाही पाह्यलं. पहिल्यांदा तलाव भरला आणि तुम्ही फोडून राह्यल्या."

"फोडत नाही, भाऊ. उतरवून राह्यली."

"आमच्यासाठी एकच झालं."

बाजी त्यांना घेऊन पायथ्याशी उतरल्या, मीही मागोमाग गेलो. झरा आता मनगटाएवढा झाला होता. गजाननभाऊंनी त्यात हात धरला, पाणी ओंजळीत घेऊन पाहिलं. "एवढं मोठं धरण," ते म्हणाले, "आणि हे थोडंसं तं पाणी हाये."

"थोडंसंच असते, भाऊ. फुटते तवरोक थोडंसंच असते."

त्यांनी ओंजळ सोडून दिली. तळहाताला मातीचा पातळ थर राहिला होता, तो धोतराला पुसला. वर येऊन ते जेसीबीच्या वाटेतून बाजूला झाले. पटलं म्हणून नव्हे. जाताना म्हणाले, "पुन्हा पाऊस नाही आला, तं लोकं तुमाले उभं करणार नाहीत."

बाजी पुढचे दोन दिवस सांडव्यावरून हलल्या नाहीत. एकदम खोल काढलं तर नाल्याला लोंढा येणार, म्हणून थोडं थोडं. जेसीबीचा चालक कंटाळायचा. त्या त्याला चहा द्यायच्या आणि पुन्हा "हळू" म्हणायच्या. पाणी उतरत गेलं, झरा बारीक झाला आणि थांबला. आणि त्यानंतर पाऊसही थांबला. इशारे खोटे ठरले. आभाळ असं निवळलं की पुढचा महिनाभर ढग नाही. तलावाच्या तळाशी म्हशी बसतील एवढं डबकं उरलं. पोड परत आपल्या घरात गेलं. खैरगावात आम्ही गेलो की बाया दारातून आत जायला लागल्या. ज्या घरी बाजींना कायम चहा मिळायचा, तिथे कोणी "बसा" म्हणेना. बाजी तरी जात राहिल्या. परतताना जीपमध्ये मला विचारायच्या, "प्रमोद, माह्याकडून चूक तं नाही झाली?" मी नाही म्हणायचो. माझ्या नाही म्हणण्याने त्यांना काही मिळत नव्हतं.

दौरा रद्द होईल असं सगळ्यांना वाटलं होतं. राणीसाहेब आल्या. काठी टेकत, साध्या सुती साडीत, बरोबर पूजेचं ताट घेतलेली एक बाई. दळवी साहेब घामाघूम. गाव लांब उभं. राणीसाहेब बांधावर उभ्या राहून त्या डबक्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "निर्णय कोणाचा?"

बाजी पुढे झाल्या.

"आपण खात्रीने सांगू शकता, की बांध फुटला असता?"

"नाही."

"मग?"

"खात्री व्हायची वाट पाह्यली असती तं पोड गेलं असतं. कदाचित नसतं बी गेलं. मले नाही माहीत, राणीसाहेब. मले भेव वाटलं."

मला वाटलं, आता संपलं. राणीसाहेबांनी मागे वळून काठीचं टोक खाली रोखलं. "ती वस्ती कुठे आहे?"

उतार निसरडा होता. दळवी साहेब आणि बाजी दोन बाजूंनी धरून त्यांना पोडात घेऊन गेले. लेतू नाईकने बाज टाकली. राणीसाहेब बसल्या, दम खाल्ला आणि त्याला विचारलं, "आपलं काय म्हणणं आहे?"

लेतूने कुडाच्या भिंतीला हात लावला. "मी काय म्हणू," तो म्हणाला. "घर हाये."

राणीसाहेबांनी पूजेचं ताट परत गाडीत ठेवायला सांगितलं आणि दळवी साहेबांना म्हणाल्या, "बांध उघडा, बघा आत काय आहे, आणि पुन्हा बांधा. या बाईंना विचारून." बस, एवढंच. ना शाबासकी, ना राग. जाताना त्यांनी बाजींचा हात धरला आणि सोडला.

उन्हाळ्यात बांध उघडला. मला वाटत होतं आता निकाल लागेल. बाजी खणलेल्या खड्ड्याच्या काठावर बसून होत्या. माती काढता काढता एक पोकळ वाट सापडली. नाल्याकाठी पूर्वी उभ्या असलेल्या झाडाचं मूळ आत राहून गेलं होतं, ते कुजून नळीसारखं झालं होतं. ती नळी मागच्या बाजूने आत आत जात होती, आणि बांधाच्या मध्यावर पाणी अडवायला घातलेल्या काळ्या मातीच्या भिंतीपाशी थांबली होती. काम करणारा कंत्राटदार म्हणाला, "पाहा, अर्ध्यात थांबलं. फुटला नसता." बाजी म्हणाल्या, "एका पावसात अर्ध्यापर्यंत आलं." दोघंही खरं बोलत होते. त्या दिवशी बाजी जेवल्या नाहीत. "मले वाटलं होतं, उत्तर भेटन," एवढंच मला म्हणाल्या.

बांध पुन्हा उभा राहिला; पायथ्याला वाळूचा जाड थर, बाजूने दगडाची गटार. पुढच्या पावसात तलाव भरला आणि टिकला. राणीसाहेबांना प्रवास झेपत नव्हता, जलपूजन गावाने स्वतःच केलं. त्या वर्षी खैरगावात पहिल्यांदा हरभरा पिकला. गजाननभाऊ एक दिवस कार्यालयात आले, हिरव्या हरभऱ्याची पेंढी बाजींच्या टेबलावर ठेवली आणि उभेच राहिले. बोलायचं बरंच असावं. बाजींनी एक घाटा सोलून दाणा तोंडात टाकला, डोळे मिटले आणि मग म्हणाल्या, "बांधावर बाभळी उगवून राह्यल्या, भाऊ. लहान हायेत तवाच उपटा." गजाननभाऊ हसले. त्या वर्षात मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं.

छातीचं दुखणं बाजींनी कोणाला सांगितलं नव्हतं. या वर्षी उन्हाळा संपता संपता त्यांच्या भावाचा फोन आला. मी वणीला पोचलो तेव्हा मयत उचलायची तयारी झाली होती. गल्लीत माणसं दाटली होती. त्यांच्यात गजाननभाऊ दिसले आणि त्यांच्या शेजारी, नवा सदरा घातलेला लेतू नाईक. दोघं एकाच मोटारसायकलवर एवढ्या लांबून आले होते. कब्रस्तानात दोघं भिंतीजवळ उभे राहिले. माती देण्याची वेळ आली तेव्हा बाजींच्या भावाने त्यांना हाताने खूण करून जवळ बोलावलं. लेतूने माती टाकली आणि हात न झटकता बाजूला झाला.

बाहेर आल्यावर तो माझ्यापाशी आला. ऊन होतं, पण वाऱ्याला ओलसर वास होता, आणि आम्ही तिघांनीही एकदा वर पाहिलं.

"बाजी गेली," तो म्हणाला. "आता पाण्याच्या दिवसात धरणाची काळजी कोण करन?"

"बघू नाईक," मी म्हणालो. "न्यासात बोलतो."

"बघू नोको म्हणू. बाजी कधी बघू म्हणत नव्हती."

गजाननभाऊ गाडी सुरू करून थांबले होते. लेतू माझ्याकडे बघत उभाच राहिला, उत्तर घेतल्याशिवाय तो हलणार नव्हता.

"सोमवारी येतो," मी म्हणालो.

"सकाळी?"

"सकाळी."

त्याने मान हलवली आणि गजाननभाऊंच्या मागे गाडीवर जाऊन बसला.